चष्मेवाल्यांची माघार

१४ नोव्हेंबर

चिरंजीव वकीलसाहेब,

निकाल तुला आईने फोनवर सांगितलाच. मी पडलो, कंत्राटदार निवडून आला. थोडक्यात पडलो, पण थोडक्यात पडलेल्याला सभागृहात वेगळं स्टूल टाकत नाहीत. मी पुढचं सांगायला लागलो तर तू "जाऊ द्या हो बाबा" म्हणालीस आणि आईने रिसीव्हर काढून घेऊन तुझ्या खोकल्याची चौकशी सुरू केली. म्हणून पत्र. तसंही जे घडलंय ते कायद्याचं आहे, आणि कायद्याचं लेखी असावं.

मतदानाच्या दिवशी सकाळी आपल्या वॉर्डात घरोघरी वर्तमानपत्राच्या घडीतून एक कागद गेला. मजकूर असा: "प्रकृतीच्या कारणाने मी या निवडणुकीतून माघार घेत आहे. कृपया आपले मत माझ्यावर वाया घालवू नये. आपला, चष्मेवाला." बस, इतकंच. छापणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही.

मला याचा पत्ता मतदान केंद्राबाहेर लागला. आपल्या चष्म्याच्या दुकानाच्या एक जुन्या गिऱ्हाईक बाई हात जोडून म्हणाल्या, "योग्य निर्णय घेतलात, आता आराम करा." मला वाटलं, यांना दुसऱ्याच कुणाशी बोलायचंय. मग समोरचा शिंपी आला. हा माणूस पूर्ण प्रचारात माझ्याबरोबर जिने चढला, माझी पत्रकं वाटली. तो डोळे पुसत म्हणाला, "तुम्हीच सांगितलंत म्हणून कंत्राटदाराला दिलं हो!" आता बोल. माझ्या उजव्या हातानेच माझ्याविरुद्ध मत दिलं.

त्याच दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार दिली. ठाणेदार म्हणाले, "निवडणुकीत असं चालायचंच." मी म्हटलं, "चालायचं नाही, म्हणून तर कायदा आहे." त्यांनी लिहून घेतली, पण असं, की जणू माझी छत्री हरवली आहे. आता पुढे काय करू ते सविस्तर कळव. कंत्राटदाराला मी सोडणार नाही.

तब्येत उत्तम. गेल्या वर्षी हृदयाने कुरकुर केली होती ती आता नाही. आई दुकान सांभाळते आहे, तिचा आशीर्वाद.

तुझा
बाबा

ता. क. एक गोष्ट मनाला लागली. त्या कागदात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.


१९ नोव्हेंबर

बाबा,

शुद्धलेखनाची चूक नसेल तर तो कंत्राटदाराच्या माणसांनी लिहिलेला नाही, एवढं मी शपथेवर सांगू शकते. त्यांची पत्रकं मी सुट्टीत आले होते तेव्हा वाचली आहेत.

आता कामाचं. उमेदवाराने माघार घेतल्याची खोटी बातमी पसरवणं हा गुन्हा आहे. छापणाऱ्याचं नाव न घालता प्रचाराचा मजकूर छापणं हा आणखी एक. तुमच्याकडची प्रत पाकिटात घालून ठेवा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत बसू नका. शेजाऱ्यांकडच्या प्रती पोलिसांनाच गोळा करू द्या. वर्तमानपत्र वाटणाऱ्याचा जबाब आधी व्हायला हवा. तो रोज शंभर गोष्टी घड्यांत सरकवतो, त्याच्या डोक्यात एकीत दुसरी मिसळायला वेळ लागणार नाही.

निवडणुकीचे गुन्हे फार लवकर शिळे होतात. निकाल लागला की जिंकलेल्याला चौकशी नको असते, हरलेला थकतो, आणि पोलिसांना रोज नव्या चोऱ्या असतात. माझ्याकडे आत्ता असा एक खटला आहे, ज्यातल्या आरोपीने लोकांना केंद्रावरून धमकावून परत पाठवलं होतं. मुख्य साक्षीदार वारला. दुसऱ्याला आता आरोपीचा चेहरा आठवत नाही, कारण आरोपीने मधल्या काळात दाढी ठेवली आणि या साक्षीदाराच्या मुलाला नोकरी लावली. आरोपी यंदा पुन्हा उभा होता. निवडून आला.

तेव्हा पाठपुरावा करा. ठाणेदार ऐकत नसतील तर वरच्या अधिकाऱ्यांना अर्ज द्या. फक्त कंत्राटदाराचं नाव तक्रारीत घालू नका. तुम्हाला ते माहीत नाही, तुम्हाला तसं वाटतंय.

मी दुसऱ्या जिल्ह्यात सरकारी वकील आहे, त्यामुळे यात माझा सल्ला मुलीचा समजा. तिकडे माझं नाव घेऊन कुणावर वजन टाकू नका. आणि "कुरकुर" म्हणजे झटका होता, बाबा. गोळ्या घेता ना?

तुमची
वकीलसाहेब


२७ नोव्हेंबर

चिरंजीव वकीलसाहेब,

तुझ्या पत्राने दहा हत्तींचं बळ आलं. वर अर्ज दिला, निवडणूक रद्द करण्यासाठी कोर्टातही दिला. आठवड्याच्या आत ठाणेदारांकडून तपास काढून एका तपास अधिकारी बाईंकडे दिला. वयाने तुझ्याएवढ्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, झालं, तोंडाला पानं पुसली. पण बाई कमी बोलतात आणि सारखं लिहितात. वॉर्डात फिरून त्यांनी कागदाच्या पुष्कळ प्रती जमवल्या. शिंप्याला एक तास बसवून घेतलं, तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलत नाही.

आणि आता ऐक. माणूस सापडला! रंगारी. तोच, जो दुकानांच्या पाट्या रंगवतो आणि यंदा कंत्राटदाराचे फलक रंगवत होता. वर्तमानपत्रवाल्याने जबाब दिला की कागदांचा गठ्ठा पहाटे त्याच्या ठेल्यावर रंगाऱ्याच्या सायकलवरून आला. बाईंना खात्री वाटत नव्हती, पण ठाणेदारांनी परस्पर उचलून आत टाकलं. मी म्हटलं, का होईना, हालचाल तर झाली. आता तो कंत्राटदाराचं नाव घेईल आणि दोरी वरपर्यंत जाईल.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तो असं करणार नाही." मी म्हटलं, तू काय त्याची वकील आहेस? वकील एक पुरे घरात. तिचं आजकाल चित्त ठिकाणावर नसतं. परवा एका गिऱ्हाइकाला जवळचा चष्मा लांबचा म्हणून दिला, तो फुटपाथवरून रस्त्यात उतरला आणि धडपडला. माझ्या पराभवाचा तिने माझ्यापेक्षा जास्त धसका घेतलेला दिसतो. खाली तिला दोन ओळी लिहायला जागा सोडतो.

बाबा

बाळ, खोकला कसा आहे? पोलीस माणसाला किती दिवस आत ठेवतात? त्याची बायको काल दुकानात येऊन गेली. आई.


३ डिसेंबर

बाबा,

रंगाऱ्याला पकडल्याचं वाचून मला तुमच्यासारखा आनंद झाला नाही. त्याने आदल्या दिवशी त्याच ठेल्यावर कंत्राटदाराची पत्रकं दिली होती का, एवढं त्या बाईंना विचारायला सांगा. दिली असतील तर वर्तमानपत्रवाल्याने दोन सकाळी एकत्र केल्या आहेत. तपास लवकर व्हावा असं मी म्हणते त्याचा अर्थ, कुणीतरी लवकर आत जावं असा नाही. लवकर केलेल्या तपासाचा अर्धा उपयोग तर ज्याने काही केलं नाही त्याला सोडायला होतो.

आई, खोकला बरा आहे. कोठडी किती दिवस ते न्यायाधीशांवर असतं. अशा गुन्ह्यात जामीन लवकर मिळायला हवा. पण माणूस बाहेर आला तरी लोक त्याला लगेच बाहेर आलेला मानत नाहीत, हे मी रोज बघते. त्याची बायको काय म्हणाली? तू एवढं का विचारते आहेस?

तुमची मुलगी


११ डिसेंबर

चिरंजीव वकीलसाहेब,

तू म्हणालीस तेच निघालं. रंगाऱ्याने आदल्या दिवशी ठेल्यावर कंत्राटदाराचे कागद दिले होते. वर्तमानपत्रवाल्याने बाईंसमोर डोकं खाजवत कबूल केलं. रंगारी जामिनावर सुटला आहे. पण ज्या शाळेच्या भिंती तो रंगवत होता तिने काम काढून दुसऱ्याला दिलं. मला वाईट वाटलं. फार नाही, कारण फलक तर त्याने कंत्राटदाराचेच रंगवले ना.

तरी तपास थांबलेला नाही. बाईंनी आजूबाजूच्या गावांतले सगळे छापखाने पालथे घातले आणि शेजारच्या शहरात, बस स्थानकाच्या मागे, तो छापखाना शोधून काढला! अक्षरं जुळली, कागदही जुळला. प्रेसवाला म्हातारा आहे. म्हणतो, ऑर्डर एका बाईने दिली. चेहरा धड आठवत नाही, कारण त्या वेळी चष्मा त्याच्या डोळ्यांवर नव्हता, तिच्या हातात होता. प्रूफ निघेपर्यंत ती काउंटरपाशी उभी होती. त्याच्या चष्म्याची दांडी लटपटताना तिला दिसली. तिने पिशवीतून लहानसा पेचकस काढला, स्क्रू आवळला, काचा पदराने पुसल्या आणि चष्मा परत दिला. म्हणतो, असा घट्ट चष्मा मी वर्षानुवर्षं घातला नव्हता.

आता सांग, अशी विचित्र बाई कोण असेल? मला वाटतं, रंगाऱ्याची बायको. त्या लोकांकडे पेचकस असतातच. हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी लिहिणं थांबवून विचारलं, "दुकानात तुमच्याशिवाय कोण बसतं?" मी म्हटलं, "माझी पत्नी, पण तिला राजकारणात काडीचा रस नाही." त्यांनी तेवढंही लिहून घेतलं. नको ते लिहिण्याची सवय आहे त्यांना.

तुझा
बाबा


१२ डिसेंबर

बाळ,

हे पत्र तुझ्या बाबांच्या पत्राबरोबरच मिळेल. ते आधी वाच. मग हे.

तो कागद मी छापून घेतला.

झटक्यानंतर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, जिने नकोत, भाषणं नकोत, जागरणं नकोत. यांना सांगितलं तर हे म्हणाले, डॉक्टर कंत्राटदाराच्या बाजूचे आहेत. मी अर्ज भरू नका म्हटलं. भरला. मागे घ्या म्हटलं. हसले. मतदानाच्या आधीच्या आठवड्यात एक दिवस प्रचारातून आले आणि दारातच पायरीवर बसले. चेहरा राखेसारखा झालेला. शर्टाचं बटण त्यांना सोडवता येईना. मी डॉक्टरांना बोलावते म्हटलं तर माझा हात धरून म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. मतं जातील."

मला तिथेच सुचलं. मतं जायला हवीत.

सुटे भाग आणायला जाते सांगून बसने गेले. मतदानाच्या दिवशी हे उठायच्या आत ठेल्यावर गठ्ठा ठेवून आले. वाटलं होतं, हरतील, चार दिवस चिडतील, मग दुकानात बसतील. हे तक्रार करतील आणि एवढा पाठपुरावा करतील असं वाटलं नव्हतं. गुन्हा आहे हे माहीत नव्हतं, असं मात्र म्हणणार नाही. प्रेसवाल्याने विचारलं, खाली छापखान्याचं नाव घालायचं ना? मी नको म्हटलं. नको म्हटलं तेव्हाच मला माहीत होतं.

रंगाऱ्याची बायको दोनदा आली. पहिल्यांदा म्हणाली, साहेबांना सांगून सोडवता का? मी सांगते म्हटलं आणि सांगितलं नाही. दुसऱ्यांदा नुसती उभी राहिली. तिचा मुलगा शाळेत जात नाही आता, पोरं चिडवतात.

यांना अजून काही माहीत नाही. त्या अधिकारी बाईंना आहे, असं वाटतं. तू वकील आहेस. काय करू सांग. पण मला वाचव असं मी लिहीत नाहीये, एवढं लक्षात ठेव.

आई


१६ डिसेंबर

आई,

मुलगी म्हणून एक उत्तर आणि वकील म्हणून एक, अशी दोन लिहायला बसले. दोन्ही सारखीच झाली, म्हणून एकच पाठवते.

आधी बाबांना सांग. आजच, हे वाचून झाल्यावर. त्यांना हे पोलिसांकडून कळता कामा नये. मग त्या तपास अधिकारी बाईंकडे स्वतः जा आणि जे मला लिहिलंस तेच सांग, त्यातलं बटण आणि पायरीसुद्धा. एकटी जाऊ नकोस. माझ्याबरोबर शिकलेली एक वकील तुमच्याच शहरात आहे, तिचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. मी तिच्याशी बोलले आहे. मी स्वतः तुझ्या बाजूने किंवा विरुद्ध उभी राहू शकत नाही. आज माझ्या वरिष्ठांनाही मी हे सगळं लेखी कळवलं.

प्रेसवाल्याला ओळखीसाठी आणतीलच. त्याआधी गेलीस तर शिक्षा थोडी हलकी होईल, पण मी त्यासाठी सांगत नाही. तू जितकी लवकर जाशील तितका तो रंगारी लवकर सुटेल. जामिनावरचा माणूस सुटलेला नसतो.

बाबा जिवंत राहावेत एवढंच तुला हवं होतं, हे मला कळतं. पण त्यांचा निर्णय तू घेतलास, आणि त्यांच्याबरोबर सगळ्या वॉर्डाचाही. याच्यावर मी तुझ्याशी नंतर भांडणार आहे. आत्ता नाही.

तुझी


८ जानेवारी

चि.

तुझ्या आईने मला सांगितलं. दुकानाचं शटर अर्धं ओढून, उभ्यानेच. सगळं ऐकून माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा: "मग प्रूफ कुणी तपासलं?" ती म्हणाली, "मीच." मी डब्यातल्या चष्म्यांच्या नाकपट्ट्या आकाराप्रमाणे लावत बसलो.

दुसऱ्या दिवशी ती त्या वकीलबाईंबरोबर गेली आणि जबाब देऊन आली. मी गेलो नाही. त्यानंतर आठवडाभर आम्ही एका घरात राहून गिऱ्हाइकांमार्फत बोलत होतो. "यांना सांगा, काच तयार आहे." "त्यांना सांगा, कळलं." गिऱ्हाइकांना वाटलं, म्हातारपणी थट्टा सुचते आहे.

रंगाऱ्यावरचा आरोप काढून टाकला. बाईंनी आईवर आरोपपत्रही दाखल केलं, तारीख फेब्रुवारीत आहे. इतक्या लवकर या कोर्टात असं कधी झालं नव्हतं म्हणतात. त्याचं श्रेय मलाच आहे. वरच्या अधिकाऱ्यांना मी किती अर्ज दिले ते तुला माहीतच आहे.

आता ज्याच्यासाठी लिहितोय ते. काल कंत्राटदार घरी आला. फळं घेऊन. आई दुकानात होती. म्हणाला, "वहिनींना आरोपीच्या पिंजऱ्यात बघायचं का आपण? घरातली गोष्ट आहे. मी वर बोलतो. त्या अधिकारी बाईंची बदली व्हायचीच आहे. तुम्ही फक्त गप्प बसा. तारखा पडत राहतील, प्रेसवाला म्हातारा आहे, चार-पाच वर्षांत कुणाला आठवणारही नाही. आणि तुम्ही तो निवडणूक रद्द करण्याचा अर्ज मागे घ्या म्हणजे झालं."

मी त्याला चहा दिला. नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. तो जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून गेला आणि मी तो ठेवू दिला.

शिंपी म्हणतो, घे की ऐकून. तू काय म्हणतेस? आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

बाबा


१३ जानेवारी

बाबा,

त्याने तुम्हाला खटला थांबवण्याची तयारी दाखवलेली नाही. खटला चालूच ठेवण्याची दाखवली आहे. फरक समजून घ्या. आई चार-पाच वर्षं दर तारखेला कोर्टाचा जिना चढेल, बाकावर बसेल, पुढची तारीख घेऊन घरी येईल. त्या सगळ्या काळात ती आरोपी असेल आणि तुम्ही कंत्राटदाराच्या खिशात असाल. त्याला जेव्हा वाटेल तेव्हा तो ती फाइल पुन्हा हलवू शकेल. आणि रंगाऱ्याबद्दल लोक म्हणतील, काहीतरी पाणी मुरत होतं, म्हणून तर निकाल लागत नाही.

लवकर निकाल लागण्याची गरज फिर्यादीइतकीच आरोपीला असते. मी हे कोर्टात पुष्कळदा बोलले आहे. आईसाठी लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

ती अधिकारी बाई आपलं काम करते आहे. तुम्हीच तिला कामाला लावलंत. तिची बदली तुमच्या घरात बसून ठरत असेल तर तुम्ही ते आधी तिला आणि तिच्या वरिष्ठांना लेखी कळवायला हवं.

आईला सांगा. तिच्यापासून लपवून तिच्यासाठी निर्णय घेऊ नका. या घरात ते एकदा होऊन गेलंय.

तुमची मुलगी


२१ फेब्रुवारी

चिरंजीव वकीलसाहेब,

सगळं झालं. क्रमाने सांगतो.

तुझं पत्र आल्यावर ते मी आईला वाचायला दिलं आणि कंत्राटदाराचं सगळं सांगितलं. तिने वाचून झाल्यावर मला पहिल्यांदा थेट विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, "मला तू तिथे उभी राहिलेली बघवणार नाही." ती म्हणाली, "मग बघू नका. पण थांबवू नका." दोन दिवसांनी कंत्राटदार पुन्हा आला तेव्हा दार तिनेच उघडलं. म्हणाली, "आमची तारीख पडली आहे भाऊ. तिला हात लावू नका." त्याच संध्याकाळी मी त्याच्या दोन्ही भेटींचा अर्ज लिहून वर पाठवला. माझे अर्ज आता तिथे अक्षरावरून ओळखतात. बाईंची बदली झालेली नाही. कंत्राटदाराकडे खुलासा मागितला आहे. निवडणूक रद्द करण्याचा माझा अर्ज मात्र मी मागे घेतला. त्याच्या सांगण्यावरून नव्हे, हे त्यात स्पष्ट लिहिलं. ज्या लबाडीने मी हरलो ती माझ्याच घरातून निघाली, तिच्यावर नवी निवडणूक कशी मागू?

काल कोर्ट होतं. खोली लहान, पंख्याला आवाज, बाक असे की पाठीचा हिशेब चुकता होतो. आईने तुझी ती निळी शाल घेतली होती. न्यायाधीशांनी आरोप वाचून विचारलं, कबूल आहे का? ती म्हणाली, "आहे." तिच्या वकीलबाईंनी डॉक्टरांचा कागद दिला, कारण सांगितलं. मग न्यायाधीश माझ्याकडे वळले. म्हणाले, तुम्ही फिर्यादी आहात, शिक्षेबद्दल काही म्हणायचं आहे का?

मी रात्रभर भाषण तयार केलं होतं. उभा राहिलो आणि त्यातलं एक वाक्य आठवेना. म्हटलं, "साहेब, दुसऱ्या कुणाला जी दिली असती तीच द्या. फक्त आजच द्या."

दंड झाला, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. मी घाबरलो. वकीलबाईंनी समजावलं की याचा अर्थ दिवसभर इथेच बाकावर बसून राहायचं. आई बसली. मीही तिच्या शेजारी जाऊन बसलो. शिपाई म्हणाला, "तुम्हाला शिक्षा नाही, तुम्ही जाऊ शकता." मी म्हटलं, "माहीत आहे."

दिवसभर दुसऱ्यांचे खटले ऐकले. बहुतेकांना पुढची तारीख मिळाली. दुपारी मी हळूच विचारलं, "सरळ का नाही सांगितलंस मला?" ती म्हणाली, "सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा घोषणा पाठ करत होतात." थोड्या वेळाने म्हणाली, "पुन्हा उभे राहाल?" मी म्हटलं, "तुझ्याविरुद्ध प्रचार करायची ताकद नाही माझ्यात." ती हसली. जोरात. न्यायाधीशांनी मान वर केली, शिपाई "शांतता!" म्हणून ओरडला. मतदानानंतर ती पहिल्यांदा हसली असावी.

रंगारी मागच्या बाकावर येऊन बसला होता. कधी आला कळलं नाही. कोर्ट उठल्यावर आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "माझ्यामुळे झालं." तो म्हणाला, "कोर्टात माझं नाव सुटलं, बाई. आमच्या गल्लीत सुटायला वेळ लागेल." राग नव्हता त्याच्या बोलण्यात. राग असता तर बरं झालं असतं. आई म्हणाली, "गल्लीत मी सांगते."

आज सुट्टी. सकाळी ती तयार होऊन दारात उभी. मी विचारलं, "कुठे?" म्हणाली, "वॉर्डात." मीही चपला घातल्या. आम्ही घरोघर गेलो. प्रत्येक दारात ती एकच सांगायची: "तो माघारीचा कागद मी छापला होता. यांना माहीत नव्हतं. रंगाऱ्याचा काही संबंध नाही." काहींनी दार लावून घेतलं. काहींनी पाणी दिलं. निम्म्या लोकांनी हळहळून सांगितलं की, आम्ही तर चष्मेवाल्यांनाच मत देणार होतो. इतक्या लोकांनी खरंच दिलं असतं तर कंत्राटदाराला अनामत रक्कमही परत मिळाली नसती. मी हे आईला म्हटलं तर ती म्हणाली, "खोटं बोलतात. पण चांगल्या मनाने."

शेवटी रंगाऱ्याचं घर. तो कामावर होता, शाळेने भिंतीचा उरलेला भाग त्याला परत दिला आहे. दार त्याच्या बायकोने उघडलं. आत या म्हणाली नाही. आईने तिलाही सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेजारी सांगितलंत?"

आई म्हणाली, "दोन्ही बाजूंना सांगितलं."

"समोरच्या इमारतीत?"

"नाही अजून."

"तिथली पोरं जास्त चिडवतात," ती म्हणाली आणि दारातच उभी राहिली.

मग आम्ही समोरच्या इमारतीत गेलो. चार मजले. आईने मला प्रत्येक मजल्यावर दम घ्यायला थांबवलं, मी थांबलो. खाली बघितलं तर ती बाई अजून दारातच होती, आम्ही कुठवर जातो ते बघत. आम्ही वरपर्यंत गेलो.

तुझा
बाबा